हात थरथरतो म्हणजे दारू नव्हे

गेल्या मे महिन्यात आमच्या भावकीतल्या एका मुलीचा साखरपुडा होता. मांडवात पुरुषमंडळी बसली होती, चहा फिरत होता. माझ्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. आवाज बारीक असतो, पण मला तो फार मोठा ऐकू येतो. मी बशी खाली ठेवली आणि कप दोन्ही हातांनी धरला. शेजारी बसलेल्या, मुलाकडच्या एका गृहस्थांनी माझ्या मेव्हण्याला हळूच विचारलं, "पाव्हणं सकाळपासूनच घेत्यात का?" मेव्हण्यानं मान खाली घातली. 'नाही' म्हणाला नाही. खरं कारण सांगण्यापेक्षा दाजींना दारुडा समजलेलं परवडलं, असं त्याला त्या घडीला वाटलं असणार. पोरगा चांगला आहे, माझ्या आजारपणात त्यानं रात्री काढल्या आहेत. तरीही त्याची मान खाली गेली. ती का गेली, हे विचारण्यासाठी मी लिहायला बसलो आहे.

मी दारू पीत नाही. मी रोज रात्री जेवणानंतर लिथियमची गोळी घेतो. लिथियम हा एक साधा क्षार आहे. मनाच्या टोकाच्या चढउतारांवर ते काम करतं, हे 1949 साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरनं दाखवून दिलं. आज इतकी नवी औषधं आली, तरी या आजारात ते मागे पडलेलं नाही. आत्महत्येचा धोका त्यानं कमी होतो, हेही दिसून आलेलं आहे. त्याच्या बदल्यात माझा हात थोडा थरथरतो, तहान जास्त लागते आणि ठरावीक महिन्यांनी रक्त द्यावं लागतं. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी असेल तर ती न घेता, रक्त काढायचं. रक्तातल्या लिथियमचं प्रमाण साधारण 0.6 ते 1.0 च्या आत राहायला हवं. कमी पडलं तर गोळीचा उपयोग नाही आणि दीडच्या वर गेलं तर तेच औषध विष होतं. त्यासोबत थायरॉइड आणि मूत्रपिंडही तपासायचं. मधुमेहवाला साखर तपासतो तसंच हे. फरक इतकाच, की मधुमेहवाला आपला आकडा पारावर बसून सगळ्यांना सांगतो.

माझ्या आजाराचं नाव बायपोलर. मराठीत द्विध्रुवी विकार म्हणतात. आमच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एक नागमोडी रेघ काढली होती. वर गेलेल्या भागाला ते उन्माद म्हणाले, खाली गेलेल्या भागाला नैराश्य. मधल्या सरळ भागावर पेन ठेवून म्हणाले, "इथं तुम्ही आमच्यासारखेच." ती चिठ्ठी बायकोनं देवघरातल्या डब्यात ठेवली आहे.

आता गावाचं सांगतो, कारण गाव सांगितल्याशिवाय माझा आजार कळणार नाही. मी नवलाख उंबऱ्याचा. तळेगाव दाभाडेपासून जवळ, आणि आता एमआयडीसीच्या कुशीतच. मी लहान होतो तेव्हा इथं इंद्रायणी भात, जनावरं आणि पाऊस, एवढंच होतं. मग जमिनी गेल्या, कारखाने आले, पैसा आला. 2008 मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला तेव्हा आमच्या पोरांना जग मुठीत आल्यासारखं वाटलं. 2020 च्या अखेरीस तो बंदही झाला. या सगळ्या काळात ज्याच्या घरी जमिनीचे पैसे आले, त्यानं मोठी गाडी घेतली, बंगला बांधला, वाढदिवसाचे फ्लेक्स लावले. अशा गावात एखादा माणूस रात्रंदिवस बोलत सुटला, पाण्यासारखा पैसा उधळायला लागला, तर लोक काय म्हणणार? 'पैसा आला, माज आला.' आजार आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

माझं 2014 साली तसंच झालं. आदल्या वर्षी मी महिनोन् महिने गप्प गप्प होतो, म्हणून एका डॉक्टरांनी मला नैराश्याच्या गोळ्या दिल्या होत्या. मूळ आजार बायपोलर असेल आणि नुसत्या त्याच गोळ्या दिल्या, तर कधी कधी मन उडी मारून दुसऱ्या टोकाला जातं. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यात कंपनीत माझी तिसरी पाळी लागली. सलग दोन आठवडे रात्रपाळी. सकाळी घरी येऊन झोपायचं, तर झोप येईना. आली नाही तरी थकवा वाटेना. उलट अंगात इतकं बळ, डोक्यात इतका उजेड, की एवढी वर्षं आपण झोपलो कशाला, असं वाटायचं.

आमच्या घरात आजी गावाच्या नावाचा अर्थ सांगायची, नऊ लाख उंबरठ्यांचं गाव. मला त्या आषाढात पहाटे तीन वाजता साक्षात्कार झाला, की उंबरठे नव्हेत, उंबराची झाडं. नऊ लाख झाडं. आणि ती लावायला मीच जन्माला आलो आहे. आठ दिवसांत मी तीन हजार रोपं उधारीवर आणली. बायकोची बोरमाळ गहाण टाकली. रात्री दोन वाजता लोकांची दारं वाजवून त्यांना योजना सांगितली. आणि गावानं काय केलं? टाळ्या वाजवल्या. माझा फ्लेक्स लागला, हार घातलेला फोटो, खाली 'वृक्षमित्र'. एक पुढारी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून गेले. "असा उत्साही माणूस गावाला पाहिजे," म्हणाले. मी तेव्हा चार दिवस जेवलो नव्हतो. ओठ फुटले होते. बायको त्या फोटोच्या कडेला उभी आहे, तिचा चेहरा बघितला की आजही पोटात कालवतं. त्या गर्दीत एकट्या तिलाच कळलं होतं, की हे काहीतरी वेगळं आहे. तिनं थोरल्या भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "चांगलं काम करतोय, तर तुला का बघवत नाही?"

मग रेघ खाली आली. भाद्रपदात मी अंथरुणाला लागलो. ते दिवस मला नीट सांगता येत नाहीत, सांगण्यासारखं त्यांत फारसं नाहीच. परसात काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांच्या रांगाच्या रांगा होत्या. आई सकाळी वाकून वाकून रोपांना पाणी घालायची आणि मी खिडकीतून बघायचो. उठून तांब्या हातात घ्यावा, एवढं माझ्यानं होत नव्हतं. टाळ्या वाजवणारे तेच लोक आता म्हणत होते, "ढोंग आहे. देणेकऱ्यांना चुकवतोय." नर्सरीवाला दारात येऊन ओरडून गेला. त्याचं चुकलं नाही, त्याचे पैसे अडकले होते. पुढे येरवड्याजवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा आजाराचं खरं नाव कळलं. तोवर मी चौतीस वर्षांचा होतो. पहिला झटका मला तेविसाव्या वर्षी आला होता, हे मागाहून हिशोब मांडल्यावर ध्यानात आलं. अकरा वर्षं फुकट गेली.

नाव कळल्यावर मात्र मला माझी आत्या आठवली.

आत्या आंदर मावळात दिलेली. मी आठ-दहा वर्षांचा असेन. ती माहेरी आली की रात्रभर जागायची, हिरवं लुगडं नेसायची, मळवट भरायची, गात बसायची, आणि समोर येईल त्याला आशीर्वाद द्यायची. बायका नारळ घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. आत्याच्या अंगात देवी आली होती. मला तिचा फार अभिमान वाटायचा, ती मला मांडीवर घेऊन मूठभर खडीसाखर द्यायची. मग काही महिन्यांनी तीच आत्या अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. देवी कोपली म्हणायचे. देवऋषी आणला. खोलीचं दार लावून मिरच्यांची धुरी दिली. आत्याचा खोकला ओसरीवर ऐकू यायचा, आणि आम्हा पोरांना खेळायला बाहेर पिटाळलं जायचं. 1991 च्या पावसाळ्यात ती गेली. कशी गेली, हे आमच्या घरात आजही कुणी बोलत नाही.

हा आजार घराण्यात उतरू शकतो. प्रत्येकाला होतो असं नाही, पण शक्यता वाढते. आत्याचं कुणी घरात मोकळेपणानं बोललं असतं, तर 2014 साली माझी अवस्था बघून एखाद्याला तरी ओळख पटली असती. तिची देवी, माझा माज. सुमारे पंचवीस वर्षांच्या अंतरानं एकाच आजाराला गावानं दोन नावं दिली आणि दोन्ही चुकली. धुरी देणं, साखळीनं बांधणं, मारणं हे महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आत्याच्या वेळी तो कायदा नव्हता. पण मी तरी कायद्यामुळे वाचलो नाही, बायकोच्या नजरेमुळे वाचलो.

माझा मेव्हणा गप्प बसला, त्याबद्दल मला एवढं का लागलं, तेही सांगतो. चार वर्षांपूर्वीची भातलावणी. लावणीत माणूस सहा-सात तास ओणवा असतो, पाय चिखलात, पाठीवर पाऊस. माझी कंबर धरली. मेडिकलमधून दुखीच्या गोळ्या आणल्या आणि तीन दिवस खाल्ल्या. त्यात पोट बिघडलं, जुलाब लागले. दुखीच्या कितीतरी गोळ्या लिथियम शरीराबाहेर पडू देत नाहीत, आणि अंगातलं पाणी कमी झालं की ते आणखी साचतं. हे मला कागदावर माहीत होतं, शेताच्या घाईत विसरलो. चौथ्या दिवशी सकाळी बांधावरून चालताना माझे पाय वाकडेतिकडे पडायला लागले. जीभ जड झाली. हातातली रोपांची मूठ गळून पडली. मी काहीतरी बोलत होतो, पण शब्द फुटत नव्हता. लावणीला आलेले आमचेच लोक, माझ्याशी इर्जिकीनं काम करणारे, हसायला लागले. "आज सकाळीच टाकून आलाय." कुणीतरी मला बांधाच्या कडेला झाडाखाली नेऊन निजवलं, की उतरेल. पावसात मी तिथं दोन तास पडून होतो.

बायको न्याहारी घेऊन आली तेव्हा तिनं माझा हात बघितला. नेहमीची बारीक थरथर नव्हती, मनगटापासून हात झटके देत होता. तिनं भाकऱ्यांची पाटी चिखलात टाकली आणि ओरडून गाडी मागवली. तळेगावात रक्त तपासलं तर लिथियम 1.8. सलाइन लावलं, गोळी बंद ठेवली, तीन दिवसांनी घरी सोडलं. आणखी अर्धा दिवस मी झाडाखाली पडून राहिलो असतो, तर मूत्रपिंडं गेली असती किंवा मीच गेलो असतो, असं डॉक्टर म्हणाले. त्या शेतातल्या एकालाही माझ्याबद्दल वाईट इच्छा नव्हती. त्यांना माहीतच नव्हतं. आणि माहीत नव्हतं, कारण आम्हीच सांगितलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, की बाहेर कळता कामा नये, पुतणीचं लग्न व्हायचं आहे.

म्हणून म्हणतो, ही नुसती अब्रूची गोष्ट राहिलेली नाही. लपवण्यानं जीव जातो.

लोक का लपवतात, तेही मला कळतं. आमच्या भागात कुणी जरा वेडंवाकडं बोललं, की पटकन म्हणतात, "याला येरवड्याला पाठवा." पुणे जिल्ह्यात येरवड्याचे दोनच अर्थ, तुरुंग आणि मनोरुग्णालय, आणि बोलणाऱ्याला दोन्हींत फरक वाटत नाही. शहरातल्या कॉलेजातली पोरं आता 'हवा बायपोलर झालीय' असंही म्हणतात. आणि वर्तमानपत्रांना मला हात जोडून सांगायचं आहे, की तुमच्या बातम्यांतला 'माथेफिरू' हा शब्द बंद करा. कुणीतरी कुऱ्हाड उचलतो, कुणीतरी दगड मारतो, आणि मथळा येतो, 'माथेफिरूचा हल्ला'. त्या माणसाला कुठला आजार होता, होता की नव्हता, हे कुणी तपासलेलं नसतं. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणाला इजा करत नाहीत. उलट मार खाणारी, फसवली जाणारी, घराबाहेर काढली जाणारी जास्त. तो मथळा आमची पुतणी वाचते, तिच्या सासरचे वाचतात, आणि माझ्या मेव्हण्याची मान आणखी खाली जाते.

निम्हान्सनं 2015-16 मध्ये देशातल्या 12 राज्यांत पाहणी केली होती. त्यात आयुष्यात कधी ना कधी बायपोलर झालेले लोक हजारी सुमारे पाच निघाले. म्हणजे हजार प्रौढ माणसांच्या गावात पाच जण. आणि आजार अंगावर असलेल्या दर दहांतल्या सात जणांवर उपचारच होत नव्हते. मावळातल्या कुठल्याही गावात अशी घरं निघतील. ती कुठली, हे गावाला ठाऊक असतं, फक्त नाव दुसरंच दिलेलं असतं. कुणी छांदिष्ट, कुणी उधळ्या, कुणी अंगात येणारी, कुणी आळशी.

आता कंपन्यांचं. आमच्या एमआयडीसीत हजारो पोरं पाळ्यांत काम करतात. एक आठवडा पहिली, एक आठवडा दुसरी, एक आठवडा तिसरी. बायपोलर असलेल्या माणसाची झोप मोडणं म्हणजे वाळल्या गवतात काडी टाकणं. माझे दोन्ही मोठे उन्माद रात्रपाळीतच सुरू झाले. मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन साहेबांकडे गेलो आणि कायमची पहिली पाळी मागितली. ते म्हणाले, "एकाला दिली तर सगळे मागतील." आमच्याच खात्यात पाठीचं ऑपरेशन झालेल्या माणसाला बसून करायचं काम दिलं होतं, तेव्हा सगळ्यांनी मागितलं नाही. मणक्याचा फोटो काढता येतो, झोपेचा काढता येत नाही, एवढाच काय तो फरक. ती नोकरी मी सोडली. आता एका लहान कारखान्यात तपासणीच्या कामावर आहे, सकाळी आठ ते साडेचार, पगार कमी. मालकांना मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मग रात्रीचं तुम्हाला बोलवत नाही." आठ वर्षं झाली. त्यांना यासाठी एक पैसा खर्च आलेला नाही. 2016 च्या अपंगत्वाच्या कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यावा, असं लिहिलं आहे, आणि 2018 मध्ये विमा नियामकानं तसा आदेशही काढला. कागद जागेवर आहेत. पाळीचा तक्ता करणाऱ्याच्या टेबलावर ते पोचायचे आहेत.

आजाराचं नाव घरात सांगितलं की सगळं संपतं, असंही नाही. एक वेगळाच जाच सुरू होतो. बांधाच्या हद्दीवरून भावाशी वाद झाला आणि माझा आवाज चढला, की तो विचारतो, "गोळी घेतलीस का?" मी हसलो जास्त, तरी तेच. नव्या बैलजोडीचं कौतुक केलं, तरी तेच. बांधाच्या बाबतीत माझं म्हणणं बरोबर होतं, मोजणी झाल्यावर ते निघालं. पण त्या क्षणी माझा राग हा राग राहिला नाही, लक्षण झाला. निरोगी माणसाला रागावण्याचा, हरखण्याचा, रडण्याचा जो हक्क असतो, तो मलाही हवा आहे. बायको असं कधी विचारत नाही. तिचा प्रश्न वेगळा असतो. चहा देताना सहज विचारते, "काल किती तास झोप झाली?" चार तास म्हणालो, की त्या दिवशी ती मला घराबाहेर जास्त हिंडू देत नाही. दोन रात्री तसं झालं, तर डॉक्टरांना फोन. दहा वर्षांत तिनं तीनदा झटका दारातच थोपवला आहे.

जेरी पिंटो यांची एक कादंबरी आहे, शांता गोखले यांनी तिचं मराठी केलं आहे, 'एम आणि हूमराव'. माहीमच्या एका छोट्या घरात राहणारं कुटुंब, आणि आईला हाच आजार. माझ्या भाचीनं आणून दिली. बायकोनं ती दोन रात्रींत वाचून काढली आणि शेवटी पुस्तक छातीशी धरून बराच वेळ बसली. म्हणाली, "आपल्यासारखंच घर आहे." एवढ्या वर्षांत आपल्यासारखं दुसरं घर आहे, हे तिला पहिल्यांदा कळलं होतं. ते तिला शेजारच्या आळीतून कळायला हवं होतं.

ज्यांच्या घरी असं माणूस आहे, त्यांनी 14416 हा टेलिमानसचा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवावा. सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तालुक्याच्या ठिकाणी नेण्याआधी निदान कुणाशी तरी बोलणं होतं.

तीन हजारांतली बहुतेक रोपं पिशवीतच वाळली. आईनं जगवलेली एकोणीस गावाबाहेरच्या ओढ्याकाठी लावली आहेत, त्यांना आता उंबरं धरतात. नर्सरीचे पैसे 2019 मध्ये फिटले. बोरमाळ अजून सुटायची आहे.

त्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. मी जाणार आहे. मांडवात चहा येईल आणि माझा कप वाजेल. कुणी विचारलं, तर माझ्या मेव्हण्यानं मान वर ठेवून एवढंच सांगावं: दाजींना बायपोलर आहे, लिथियम चालू आहे, आणि अंग दुखतंय म्हणाले तर विचारल्याशिवाय कुणी त्यांना दुखीची गोळी देऊ नका.